'घोस्टलाइट' (२०२४): मुलाच्या मागे उरलेली दोन घरे

साठमारीकर

'घोस्टलाइट' हा कमी खर्चात केलेला स्वतंत्र अमेरिकी चित्रपट जानेवारी २०२४ मध्ये सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिकडच्या चित्रपटगृहांत लागला. असे चित्रपट कोल्हापुरात पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे मी तो घरीच पाहिला. केली ओ'सुलिव्हन यांनी तो लिहिला असून ॲलेक्स थॉम्पसन यांच्यासह दिग्दर्शितही केला आहे. 'सेंट फ्रान्सिस' (२०१९) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही जोडी ठाऊक असेल. त्यात ओ'सुलिव्हन यांनी लेखनाबरोबर मुख्य भूमिकाही केली होती.

ज्यांना चित्रपट कोरेपणाने पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण या घरात काय घडून गेले आहे ते दिग्दर्शक बराच वेळ हातचे राखतात आणि ते उघड केल्याशिवाय मला पुढे काही लिहिता येणार नाही. शिवाय विषय तरुण मुलाच्या आत्महत्येचा आहे. ज्यांना तो आत्ता सोसवणार नाही त्यांनी हा धागा खुशाल सोडून द्यावा.

डॅन म्यूलर हा शिकागोच्या आसपासच्या एका गावात रस्त्यांची कामे करणारा, पन्नाशी ओलांडलेला कामगार. बायको शॅरन, शाळेत जाणारी तोंडाळ मुलगी डेझी. मुलीवर शाळेत कारवाई चालू आहे, बाप कामावर एका मोटारचालकाच्या अंगावर धावून गेल्यामुळे सक्तीच्या रजेवर घरी बसला आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी जे आहे त्याचा उच्चार घरात कोणी करत नाही. रस्त्याच्या कामाशेजारीच एका हौशी नाटक मंडळीची तालीम चालते. तिथली रिटा नावाची बाई डॅनला जवळजवळ ओढूनच आत नेते. नाटक असते 'रोमिओ आणि ज्युलिएट'. होता होता रोमिओची भूमिका या ढेरपोट्या, अबोल माणसाच्या गळ्यात पडते आणि ज्युलिएट असते रिटा. मग आपल्याला कळते, की डॅनचा मुलगा ब्रायन आणि त्याची मैत्रीण या दोघांनी एकत्र जीव द्यायचे ठरवले होते. तो गेला, ती वाचली. आता डॅन आणि शॅरन यांनी त्या मुलीच्या आईवडिलांवर दावा लावला आहे.

या चित्रपटावर जे काही वाचनात येते त्यात बहुतेक सगळे एकच गोष्ट सांगतात: नाटकाने एका दुःखी माणसाला वाचा दिली. ते खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. शेक्सपियरचे मूळ नाटक आठवून पाहा. दोन्ही मुले मेल्यावर नाटक संपत नाही. थडग्यापाशी दोन्ही घरांतली वडीलधारी माणसे जमतात, ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट रोमिओच्या बापाला, माँटेग्यूला, भाऊ म्हणून हाक मारून त्याचा हात मागतो, आणि माँटेग्यू शत्रूच्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारण्याचे वचन देतो. आपल्या मनात प्रेमिकांची जोडी एवढी ठसलेली असते, की या शेवटच्या पानाकडे आपले लक्षच जात नाही. कित्येक प्रयोगांत तर त्याला कात्रीच लागते. 'घोस्टलाइट'चा जीव मला त्या पानात दिसतो. हा रोमिओचा चित्रपट नसून माँटेग्यूचा आहे. ज्या बापाने समोरच्या घराचा हात धरायचा, तो वकिलाकरवी त्या घराला नोटीस पाठवून बसला आहे, आणि त्याच बापाला रोज संध्याकाळी आपल्या मुलाच्या जागी उभे राहून मुलाने घेतलेला निर्णय पुन्हा घ्यायचा आहे. पन्नाशीचा रोमिओ पाहताना सुरुवातीला हसू येते, हे खरे. नंतर ते ओसरते, कारण डॅन प्रियकराचे काम करत नाही हे आपल्याला कळून चुकते. मुलगा ज्या टोकाला गेला तिथपर्यंत जाऊन त्याला काय दिसले असेल ते पाहून येण्याचा तो प्रयत्न असतो.

अभिनयाबद्दल लिहावे तेवढे थोडे आहे. डॅन, शॅरन आणि डेझी या भूमिका कीथ कुफ्फरर, टारा मॅलन आणि कॅथरिन मॅलन कुफ्फरर यांनी केल्या आहेत आणि हे तिघे प्रत्यक्षातही आई, वडील आणि मुलगी आहेत. हे मला चित्रपट संपल्यावर कळले, पण पाहताना काहीतरी वेगळे जाणवत होते. एरवी पडद्यावरचे कुटुंब एकमेकांचे ऐकून घेते, कारण नटांना समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहायची सवय असते. इथे मुलगी बापाचे वाक्य अर्ध्यावर तोडते आणि बापाला त्याचे काही वाटत नाही. तो तोडलेल्या वाक्यासह जेवत राहतो. कुफ्फरर हे शिकागोच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षे कामे केलेले नट आहेत. अशा मुरलेल्या नटाने नाटकात कधीच काम न केलेल्या माणसाची भूमिका करायची, म्हणजे हात कुठे ठेवावेत हे ठाऊक असताना ते न कळल्यासारखे करायचे, आणि तेही विनोदी न होऊ देता. पहिल्या काही तालमींत त्यांचे हात पाहा. खिशात जातात, बाहेर येतात, पँटवर पुसले जातात, आणि संवादाचा कागद हातात आला की त्याला असे धरतात, जणू तो साइटवरचा नकाशा आहे.

आणखी एक. आपल्याकडे माणूस गेला की पहिले तेरा दिवस घर एकटे पडत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणींवर विनामूल्य अंत्यसंस्कार होतात, त्या शेणीही कुठल्या तरी तालमीने, मंडळाने, सोसायटीने दान केलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, पुढे दहावा, उत्तरकार्य, आणि सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ. चौदाव्या दिवसापासून मात्र सगळे आपापल्या कामाला लागतात. हा चित्रपट पूर्णपणे त्या चौदाव्या दिवसानंतरचा आहे, म्हणून परका असूनही तो मला परका वाटला नाही.

इथल्या हौशी नाटकवाल्यांनी तालमींच्या प्रसंगांबद्दल लिहावे ही विनंती. ते मला खरे वाटले, पण मी फक्त प्रेक्षकांतला.

विंगेतला माणूस

साठमारीकर, धाग्याबद्दल आभार. मी अनेक वर्षे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी नाटके बसवतो, कधी नेपथ्य सांभाळतो, कधी पडद्यामागून प्रॉम्प्टिंग करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की तालमींचा भाग बहुतांशी खरा आहे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसे, कोणाला घरी लवकर जायचे आहे, कोणाचे पाठांतर झालेले नाही, एक जण सतत स्वतःच्या जुन्या भूमिकांचे दाखले देतो, आणि या सगळ्यांतून एखाद्या संध्याकाळी अचानक एक प्रवेश उभा राहतो, त्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही. गोलात उभे राहून करायच्या व्यायामांना डॅन जसा बिचकतो तसे आमच्याकडे येणारे बँकेतले, महावितरणमधले नवे लोकही बिचकतात. 'हे असलं करायला आलोय होय मी?' हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर हुबेहूब असतो.

जे पटले नाही तेही सांगतो. शेक्सपियरची ती भाषा, त्यातून रोमिओसारखी लांबलचक भूमिका, एवढ्या थोड्या दिवसांत एका नवख्याच्या तोंडी बसणे अवघड आहे. आमच्याकडे गद्य संवादाची चार पाने बसायला महिना जातो. मात्र डॅनचे बोलणे जिथे जिथे अडखळते तिथे ते पाठांतरामुळे अडखळते आहे की अर्थामुळे, हे कुफ्फरर यांनी शेवटपर्यंत संदिग्ध ठेवले आहे, आणि विंगेत बसून नटांच्या चुका मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्याची किंमत कळते. वाक्य विसरलेला नट वर किंवा बाजूला पाहतो. वाक्य सोसवत नसलेला माणूस खाली पाहतो. डॅन खाली पाहतो.

एक प्रश्न मात्र मला छळतो आहे. शेक्सपियरने स्वतःच्या नाटकाचा शेवट सुरुवातीच्या चौदा ओळींच्या सुनीतातच सांगून टाकला आहे. मुले मरणार आहेत हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटालाच ठाऊक असते आणि तरीही तो शेवटपर्यंत बसतो. मग त्याच नाटकावर आधारलेल्या चित्रपटाने ब्रायनचे काय झाले ते एवढा वेळ लपवून का ठेवावे? ही उत्सुकता ताणण्याची युक्ती नव्हे काय?

जाता जाता: ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभे राहिलेले थिएटर, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री बाहेर रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नट होते तसे चहावाले आणि पडदा ओढणारेही होते. नाटकाची जागा ही कोणाकोणाची असते हे त्या गर्दीत दिसत होते. चित्रपटातल्या त्या साध्यासुध्या तालमीच्या खोलीकडे मी त्यामुळे जरा अधिक आपुलकीने पाहिले असेन, ते वजा करून माझे मत वाचावे.

बावड्याचा वकील

दाव्याच्या भागाविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या प्रेक्षकाचा तिथे गोंधळ होण्याचा संभव आहे. चित्रपटातला सर्वांत कसदार प्रसंग माझ्या मते रंगमंचावरचा नसून जबानीचा आहे. अमेरिकी दिवाणी पद्धतीत खटला न्यायाधीशांपुढे उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंचे वकील साक्षीदारांची शपथेवर जबानी घेतात. ती बहुधा वकिलाच्या कार्यालयातच होते. न्यायाधीश नसतात, लघुलेखक शब्द न् शब्द टिपून घेतो. आपल्याकडे सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर आणि उलटतपासणी साधारणपणे न्यायालयात किंवा आयुक्तापुढे होते, त्यामुळे एका मेजाभोवती दोन्ही कुटुंबे समोरासमोर बसली आहेत आणि मध्ये कोणी अधिकारी नाही, हे दृश्य आपल्याला विचित्र वाटते. एखाद्याच्या चुकीमुळे माणूस दगावल्यास वारसांनी भरपाई मागण्याची तरतूद आपल्याकडे १८५५ च्या घातक अपघात अधिनियमापासून आहे. तिकडच्या दाव्याचे ते जवळचे नाते समजावे.

आमच्या व्यवसायात अशा दाव्यांचा अनुभव येतो. पक्षकाराला पैसे हवे असतात असे समजणे फार वरवरचे आहे. पुष्कळदा त्याला कोणीतरी अधिकृतपणे सांगायला हवे असते, की चूक तुमची नव्हती. न्यायालय ते सांगू शकत नाही. न्यायालय फक्त जबाबदारी कोणाची आणि किती एवढेच ठरवू शकते. डॅनला प्रश्न साधेच विचारले जातात आणि प्रत्येक साध्या प्रश्नाला त्याला मुलाबद्दल काहीतरी कबूल करावे लागते. दावा त्याचा, आणि तपासणीही त्याचीच. वादीचे हे होणे कसबा बावड्याच्या न्यायालयाच्या आवारात मी कितीदा पाहिले आहे. खटला लावणारा माणूस स्वतःच पिंजऱ्यात उभा असल्यासारखा घरी जातो.

साठमारीकरांचे माँटेग्यू आणि कॅप्युलेटचे निरीक्षण मला म्हणूनच मोलाचे वाटले. शेक्सपियरच्या नाटकात ती दोन घरे मुले मरण्यापूर्वी भांडत होती आणि मरणाने शांत झाली. इथे क्रम उलटा आहे. आधी भांडण नव्हते. मरणानंतर ते उभे केले गेले, आणि कायद्याने त्याला चौकट पुरवली.

जुना प्रेक्षक

सर्वांचे लिहून झाले आहे, आता विरोधी सूर लावतो.

अभिनय उत्तम आहे यात वाद नाही. कुफ्फरर यांना २०२५ च्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत प्रमुख भूमिकेसाठी नामांकन मिळाले होते. तिथे स्त्री आणि पुरुष असे वेगळे गट नसतात, त्यामुळे स्पर्धा मोठी होती, आणि तो पुरस्कार 'अनोरा'साठी मायकी मॅडिसन यांना गेला. माझी तक्रार चित्रपटाच्या घाटाविषयी आहे. मुलगा ज्या प्रकारे गेला नेमके त्याच प्रकारचे नाटक बापाच्या वाट्याला यावे, मुलगीही नेमकी नाटकवेडीच निघावी, हा योगायोग मला पचत नाही. केनेथ लोनर्गन यांच्या 'मँचेस्टर बाय द सी'मध्ये (२०१६) केसी ॲफ्लेकने उभा केलेला ली चँडलर आठवा. त्याच्या हातून घडलेल्या चुकीपायी त्याची तीन मुले आगीत जातात. पुढे भावाच्या मृत्यूनंतर पुतण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि प्रेक्षक सवयीने वाट पाहतो, की आता हा माणूस सावरणार. तो सावरत नाही. मला हे पेलत नाही, एवढे तो सरळ सांगतो आणि पुतण्याची दुसरी सोय लावून देतो. थंडीने जमीन गोठल्यामुळे भावाचे दफन वसंत ऋतूपर्यंत लांबते, प्रेत शीतगृहात राहते. पोराला घरातल्या फ्रीझरमधून कोंबडीची पाकिटे खाली पडलेली दिसतात आणि तो कोसळतो. तिथे नाटकाची मदत घ्यावी लागली नाही. एका फ्रीझरने काम भागले.

दुःखाला प्रत्येक वेळी उपाय असतोच असे सुचवणारे चित्रपट मला थोडे अप्रामाणिक वाटतात. 'घोस्टलाइट' त्या वाटेने पुष्कळ लांब जातो.

साठमारीकर

जुना प्रेक्षक, तुमचा आक्षेप योगायोगापुरता मला मान्य आहे, पण तो नाटकाच्या क्षेत्रातला जुनाच करार आहे. मूळ नाटकात भिक्षूचे पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही, कारण पत्र नेणारा साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. तो योगायोग आपण चारशे वर्षे चालवून घेतला आहे. महत्त्वाचे हे, की लेखिका योगायोगाचा फायदा कुठे घेते. सोपे करण्यासाठी घेतला असता तर डॅनला नाटक करताना आनंद झाला असता. त्याला तर शेवटचा अंक नकोसाच असतो. आणि सावरण्याबद्दल म्हणाल, तर ली चँडलर सावरत नाही हे जितके खरे तितकेच डॅन थोडा सावरतो हेही खरे असू शकते. लीच्या मनावर स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीचा भार आहे. डॅनकडे तसे एकही ठरलेले उत्तर नाही, त्याच्याकडे फक्त प्रश्न आहे. दोन्ही माणसांना एकाच मापाने मोजू नये.

विंगेतला माणूस यांच्या प्रश्नाबद्दल: लपवाछपवी दिग्दर्शकाची वाटत नाही, ती त्या घराची आहे. घरात कोणी बोलत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. पहिल्या अर्ध्या तासात डेझी एवढी आरडाओरड करते, पण तिच्याही तोंडून भावाचे नाव सहज निघत नाही हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते.

मंगळवारपेठी

चित्रपटाच्या तांत्रिक बाजूंबद्दल मला काही सांगता येणार नाही. आमच्या गल्लीतल्या एका घराबद्दल लिहितो, नावगाव देत नाही.

त्या घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेला, असाच. माती, रक्षाविसर्जन, सगळे रीतीप्रमाणे झाले, साऱ्या पेठेने केले. वडील तेव्हा एका कारखान्यात फोरमन होते, उद्यमनगरात. पुढे कितीतरी महिने ते रोज सकाळी मुलाची मोटारसायकल जिन्याखालून बाहेर काढायचे, पुसायचे, चालू करून दोन मिनिटे तशीच ठेवायचे आणि पुन्हा आत लावून कामावर जायचे. त्यांना कोणी काही विचारले नाही. विचारणार तरी काय? शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या, 'गाडी इका की ओ आता,' तर ते म्हणाले, 'बॅटरी उतरंल, म्हणून लावतोय.' एवढेच. त्या घरात त्या मुलाविषयी झालेले माझ्या कानावरचे बोलणे बॅटरीपुरते होते.

डॅनला पाहताना मला ते काका दिसले. उंचीने, अंगाने तसेच, आणि चालायचेही तसेच, आधी खांदे मग पाय. आपल्याकडच्या बाप्यांना बोलायला जागा नसते असे म्हणतात, पण मला वाटते जागा असतात, तालीम आहे, कट्टा आहे, रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे घोळके आहेत. फक्त तिथे या विषयाला वाट मिळत नाही. क्रिकेट, उसाचा दर, निवडणूक यांना मिळते.

राजारामपुरीची समुपदेशक

मंगळवारपेठी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. त्या काकांच्या मोटारसायकलबद्दल एवढेच म्हणेन, की असे काहीतरी रोज करणे हा आजार नव्हे. शोक करण्याची ती त्यांची पद्धत होती आणि बहुधा त्यामुळेच ते पुढे कामावर जाऊ शकत होते.

आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबांबरोबर काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इतर मृत्यूंत 'कसे झाले' या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना दहा वेळा द्यावे लागते आणि ते देता देता त्यांना मृत्यूची सवय होत जाते. इथे तो प्रश्नच कोणी विचारत नाही, आणि विचारला तर तो चौकशीसारखा लागतो. 'घोस्टलाइट'ने दोन बाबतींत जबाबदारीने काम केले आहे. घटनेचे चित्रण करून ती थरारक केलेली नाही, आणि ब्रायनने असे का केले याचे एकच एक कारण हातात ठेवलेले नाही. प्रेमाला विरोध, परीक्षा, मैत्री तुटणे अशी एकेरी कारणे बातम्यांतून येतात, ती जवळजवळ नेहमीच अपुरी असतात.

डॅन मुलाची जागा घेतो या मुद्द्याबाबत मात्र एक सावधगिरी. नाटकात हे साधले म्हणून कोणी कोणाला असे करायला लावू नये. रिटाने डॅनला ओढून आत नेले तेव्हा तिला त्याच्या घरात काय झाले आहे ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तिने कदाचित हे नाटक त्याच्या हाती दिले नसते. रिटा झालेल्या डॉली डी लिऑन यांनी तो क्षण, म्हणजे कळल्यानंतरचा, फार संयमाने केला आहे. त्या फिलिपिन्सच्या अभिनेत्री आहेत, 'ट्रँगल ऑफ सॅडनेस'मुळे अनेकांना माहीत असतील.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी बोलण्याची गरज वाटत असेल, तर शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य आहे. मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करणारी कुटुंबे अजूनही भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

निशिगंधा

सगळा धागा वाचला. एवढे प्रतिसाद आले, पण शॅरनवर कोणी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलेले नाही, आणि दोष केवळ इथल्या लिहिणाऱ्यांचा नाही, चित्रपटाचाही आहे.

बाप आणि मुलगी नाटकात रमतात. त्यांना नवे मित्र मिळतात, टाळ्या मिळतात, नवी भाषा मिळते. या काळात आई काय करते? घर चालवते, मुलीच्या शाळेत जाऊन बोलणी ऐकून घेते, वकिलाच्या तारखा लक्षात ठेवते आणि नवरा संध्याकाळी कुठे जातो याचा अंदाज बांधत बसते. बराच काळ ती त्या वर्तुळाच्या बाहेरच राहते. टारा मॅलन स्वतः शिकागोत नाट्यसंस्था चालवणाऱ्या अभिनेत्री आहेत. नाटकाच्या चित्रपटात त्यांच्याच वाट्याला नाटकाबाहेरची भूमिका यावी हे मला विलक्षण वाटले. त्यांनी ती ज्या ताकदीने केली आहे त्यामुळे तर अन्याय अधिकच डोळ्यांत भरतो. हे सारे तिच्यापासून लपवले गेले होते हे तिला कळते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी राग येत नाही. आधी येते ते हिशेब मांडणारे भान, गेल्या काही आठवड्यांतली प्रत्येक संध्याकाळ ती मनात पुन्हा तपासून पाहते आहे असे. राग नंतर येतो, आणि तोही आवाज खालच्या पट्टीत ठेवून.

साठमारीकर काका, तुमचा माँटेग्यूचा मुद्दा मला आवडला, म्हणून त्यातच भर घालते. मूळ नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात माँटेग्यू एकटाच येतो. त्याची बायको रोमिओला हद्दपार केल्याच्या दुःखाने त्याच रात्री वारलेली असते, आणि ही बातमी तो एका वाक्यात सांगून टाकतो. नंतर हात मिळवणी होते ती दोन बापांची. चारशे वर्षांपूर्वी रोमिओच्या आईला एका वाक्यात मारून दोन पुरुषांनी तह केला, आणि २०२४ मध्ये आई जिवंत आहे, पण तहाची तयारी होते तेव्हा तिला खोलीबाहेर ठेवले जाते. प्रगती झाली आहे, नाही असे नाही.

विंगेतला माणूस

निशिगंधाताई, लेडी माँटेग्यूचे ते वाक्य मी दोन वेळा प्रॉम्प्ट केले आहे आणि दोन्ही वेळा दिग्दर्शकाने ते 'प्रवेश लांबतो' म्हणून कापले. पुढच्या वेळी ते कापू न देण्याची जबाबदारी माझी.

जुना प्रेक्षक

निशिगंधा यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझा आक्षेप थोडा बदलून मांडतो. चित्रपट सावरण्याबद्दल आशावादी आहे हे मला खटकत होते. खरे खटकणारे हे, की ती आशा घरातल्या तिघांत सारखी वाटलेली नाही. डॅनला नाटक मिळाले, डेझीला बाप परत मिळाला. शॅरनला काय मिळाले याचे उत्तर मला चित्रपटात सापडले नाही. कोणाला सापडले असेल तर लिहावे.

निशिगंधा

नवऱ्याला रंगमंचावर मरताना पाहण्याचे तिकीट.

साठमारीकर

निशिगंधा, यावर लिहायला वेळ लागेल. शॅरनचे प्रसंग पुन्हा पाहून, फक्त तेवढ्यावरच, याच धाग्यात रविवारपर्यंत लिहितो. बावड्याच्या वकिलांनी तोवर एक खुलासा करावा: आईवडील दोघेही वादी असताना जबानीचा एवढा मोठा प्रसंग फक्त बापाचा दाखवला आहे, तर प्रत्यक्षात तिचीही जबानी झाली असती काय?

बावड्याचा वकील

निश्चित झाली असती. प्रतिवादीच्या वकिलाने तर कदाचित आधी तिचीच घेतली असती.